बारा रेघांचा कटर

मी एक जुना कटर आहे. जुना म्हणजे आजोबांच्या वयाचा नव्हे. मित्रांनो, माझं उभं आयुष्य दोन दिवसांत आटोपलं. यंत्रात गरगर फिरून धातू कापायचा, एवढंच माझं काम.

माझ्या वाट्याला टायटॅनियम आलं. त्याचे भाग माणसाच्या खुब्यात बसवतात, म्हणून ते अगदी गुळगुळीत लागतात. हा धातू दिसायला गरीब, पण महाखट. कापताना होणारी उष्णता स्वतः घेत नाही, सगळी माझ्या धारेवर ढकलतो आणि वर धारेलाच चिकटून बसतो.

मशीनवरच्या काकांना त्याची नस ठाऊक होती. गती बेताची ठेवायची, गार पाण्याचा फवारा नेमका माझ्या टोकावर सोडायचा. भाग उतरला की ते त्यावर नख फिरवून बघत आणि माझ्या डबीवर पेनने एक रेघ ओढत. बारा रेघा झाल्या की कटर बदलायचा, असा नियम होता. "गुणी आहेस रे," असं ते मला एकदा म्हणाले. मी काय फुगलो!

बारावा भाग उतरला. काका म्हणाले, "साहेब, आवाज बदललाय. कटर काढतो."

"आवाज? गाणं लागलंय का इथं?" कारखान्याचे साहेब खेकसले. " माल आजच जायचाय. अजून दोन काढा. गतीही वाढवा."

तेरावा कसाबसा निघाला. चौदाव्याला माझ्या धारेचा टवका उडाला आणि भागावर ओरखडे उठले. काका तो तपासणीला घेऊन गेले, तेवढ्यात साहेबांनी तेलकट अंगठ्याने डबीवरच्या दोन रेघा पुसल्या.

"चौदा होत्या, साहेब," परत आलेले काका म्हणाले.

"मोजा ना."

काकांनी मोजल्या. बारा भरल्या. म्हणजे कटर नियमापेक्षा जास्त चालवलाच नव्हता; चूक कामगाराची ठरली. माझी धार भिंगाखाली धरावी, असं एकालाही सुचलं नाही. मी भंगाराच्या पेटीत गेलो आणि बावीस वर्षं मशीन चालवलेल्या काकांच्या हाती झाडू आला. माझी धार गेली होती, काकांची गेली नव्हती. हे आठवलं की अजून अंगाची आग होते.

मित्रांनो, आम्हांला वेळेवर बदला. आणि आवाज ओळखणारा माणूस बोलला, तर त्याचं ऐका.

परवा नव्या कटरचा आवाज बदलला. मला पेटीत ऐकू आला. काकांचा झाडू थांबला. त्यांनी मशीनकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि ते पुन्हा झाडू लागले.