खांबाएवढी रेघ

“रेघ खांबाएवढीच. सूतभरही जास्त नको.”

फक्कीचं डबडं उचललं की ह्यांचा आवाज अजून कानात येतो. फुटबॉलमध्ये गोलचा खांब जेवढा जाड, तेवढीच त्या दोन खांबांमधली रेघ जाड, असा नियमच आहे. ह्यांनी त्या मापाची एक लाकडी पट्टी करून ठेवली होती. रेघ मारून झाली की पट्टी लावत लावत या खांबापासून त्या खांबापर्यंत ओणव्याने जायचे. मला वाटायचं, केवढा हा कामाचा अभिमान.

हे जाऊन दोन महिने झाले. क्लबने मैदानाचं काम मलाच दिलं, स्टँडमागची खोलीही राहू दिली. आज पुलापलीकडच्या क्लबशी मॅच आहे. या एका मॅचच्या दिवशी आमच्याकडचा न्हावी तिकडच्या माणसाला अर्धी दाढी करून उठवतो.

माझं माहेर पुलापलीकडचं. धाकटा भाऊ सुतार, आणि एके काळी तिकडचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड. चौदा वर्षांपूर्वी याच मैदानावर, शेवटच्या मिनिटाला, त्याने मारलेला बॉल आमच्या गोलीच्या पायांमधून गेला आणि रेघेपाशी चिखलात थबकला. अख्खा बॉल रेघेपलीकडे गेला तरच गोल. रेफरीने वाकून पाहिलं. बॉलची कड अजून पांढऱ्यावर होती. गोल दिला नाही, मॅच आमची झाली.

भाऊ ओरडत राहिला, “रेघ जाड आहे! खांब बघा, रेघ बघा! सुताराचे डोळे आहेत माझे!”

तोवर आमच्या लोकांनी मैदानात घुसून, नाचून नाचून रेघ पार पुसून टाकली होती. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं, सूतभर. सुतारकामात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टोमणे मारणाऱ्यांना आयतंच मिळालं. त्याच्याच गल्लीतली गिऱ्हाइकं विचारायची, “काय सूतभर, दार चौकटीत बसेल ना, का बाहेरच राहील?” त्याने खेळणं सोडलं. पूल ओलांडणं सोडलं. ह्यांना नेलं त्या दिवशीही तो पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभा होता, कठड्याला धरून.

चौदा वर्षांपूर्वी, त्या मॅचनंतर मी त्याला भेटायला गेले होते. रंधा मारता मारता म्हणाला, “ताई, तू तरी म्हण. रेघ जाड होती.”

मी हळूच म्हटलं, “तुझा राग बोलतोय रे. हे असं काम करायचे नाहीत.”

खोटं बोलायचं नाही, हा माझा लहानपणापासूनचा नेम. रोज सकाळी देवापुढे तो मनात म्हणते आणि मगच पाणी पिते. त्या दिवशीही म्हटला होता.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात हे भिंतीकडे तोंड करून बोलले. “त्या मॅचला फक्कीच्या मशीनचं चाक हलत होतं. रेघ वाकडी गेली, म्हणून जाळीच्या अंगाने तिला चिकटून दुसरी मारली. दोन बोटं जास्त झाली. म्हटलं, कोण बघतंय. पट्टी केली ती त्यानंतर.”

“आणि बरोबर असती तर?”

“गोल होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला कुणी विचारलंच नाही. मग दिवस गेले. मग तोंडच उघडेना.” भिंतीकडे बघतच म्हणाले, “तू सांग त्याला. क्लबलाही सांग. पण पुढच्या मॅचच्या आधी. नंतर सांगितलंस तर लोक म्हणतील, हरले म्हणून बोलतात, नाहीतर जिंकले म्हणून.”

मी हो म्हटलं. आणि तो ‘हो’ दोन महिने खोलीत घेऊन बसले. खोटं तर बोलत नाहीये, असं स्वतःला समजावत.

आज सकाळी रेघ मारून पट्टी लावत होते, तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी काळ्या फितींची पिशवी घेऊन आले.

“वहिनी, मॅचआधी एक मिनिट सगळे उभे राहणार आहेत. काय वाचणार ते ऐका. ‘ज्यांच्या रेघेवर कधी कुणाला बोट ठेवता आलं नाही...’”

“ते वाचू नका,” मी म्हणाले. आणि सांगितलं. दोन बोटांचं सगळं सांगितलं.

सेक्रेटरी मटकन बाकावर बसले. “आजच सुचलं तुम्हाला? शिट्टीला तीन तास आहेत, वहिनी! गेलेल्या माणसाची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडायची? आणि कमिटीला मी काय सांगू? खोली दिलीय ती त्यांच्या नावावर.”

धमकी नव्हती ती. बिचाऱ्यांना खरंच सुचत नव्हतं.

“खोली मागितली तर रिकामी करून देईन.”

“अहो, पण तुमच्या भावाला तरी काय मिळणार? चौदा वर्षं परत येणार आहेत?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. मी उरलेली रेघ मापून पूर्ण केली. खांबाएवढीच होती.

मशीन छपराखाली लावलं. हात धुतले तरी नखांत फक्की राहिली. भावाचा नेम चुकला नव्हता. माझा चुकला होता, आणि तो रोज सकाळी न चुकता म्हणत होते मी.

फाटकाजवळ आमच्या बाजूची म्हातारी मंडळी आतापासूनच कट्टा अडवून बसली होती. त्यातले एक आजोबा हसत ओरडले, “माहेरी का, वहिनी? सूतभरला सांगा, आज तरी बघायला ये म्हणावं! रेघ नीट मारलीय ना?”

“आज नीट मारलीय,” मी म्हणाले.

ते हसले. मी पट्टी पिशवीत घातली आणि पुलाकडे चालू लागले.