ताडपत्रीखालचं पाणी

"किती गळते वं हा डब्बा! आत्ता ब्लाउज वाळू घातले, अन् आत्ताच यानं पिचकारी सोडली."

हे बोलणं माझ्याबद्दल होतं. बोलणारी गोपिका, शेजारच्या घरात शिवणकाम करणारी. तिची खिडकी आणि माझी पाठ यांच्यामध्ये कपड्याची एक दोरी मावेल एवढीच बोळ आहे. त्यामुळे तिची कुरकुर मला कधी चोरून ऐकावी लागली नाही. ती सरळ माझ्या ताट्यांवरच येऊन आदळायची.

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. नागपूरचा, म्हणजे नावापुरता नव्हे, चांगला कसलेला. जरीपटक्याच्या मागच्या एका गल्लीत प्रेमिलाबाईंच्या खिडकीला टेकून लोखंडी घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, मी उभा आहे. माझा रंग एके काळी पोपटी होता. आता कुठला आहे ते बघणाऱ्याच्या दयेवर अवलंबून आहे.

मला धोंडबा मिस्त्रीने एका शेडमध्ये पत्रा ठोकून ठोकून घडवलं. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, समोर पंखा, पोटात पाण्याची टाकी आणि टाकीत मुठीएवढा पंप. पंप पाणी वर चढवतो, पाणी ताट्यांवरून झिरपतं, पंखा त्या ओल्या गवतातून वारा ओढतो. एवढंच माझं शास्त्र. टाकीच्या तळाला धोंडबाने एक भोक ठेवलं आणि त्याला रबरी बूच लावलं. "जुनं पानी काढाले," तो मला विकत घ्यायला आलेल्या धम्मानंदांना, प्रेमिलाबाईंच्या नवऱ्याला, म्हणाला. "भरता तसं काढत जा गा, नाही तं सडते." धम्मानंदांनी मान हलवली, पण त्यांचं सगळं लक्ष पंख्याकडे होतं. त्या भोकाकडे तेव्हा कुणी नीट पाहिलं नाही. तुम्ही मात्र ते लक्षात असू द्या.

माझे चांगले दिवस फार चांगले होते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक दिवस, लागला, की डांबरी रस्ता चपलेला चिकटायचा. अशा दुपारी धम्मानंद हिंगण्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून यायचे, शर्ट खुंटीला टाकायचे आणि माझ्यासमोर डोळे मिटून बसायचे. दहा मिनिटं बायकोशीसुद्धा बोलायचे नाहीत. प्रेमिलाबाई म्हणायच्या, "पगार मी खर्च करतो, अन् लाड या डब्ब्याचे!" त्या स्वतःबद्दल अशाच बोलतात, 'मी करतो' म्हणून. कळमेश्वरकडच्या त्यांच्या माहेरी बायका तसंच बोलतात म्हणे, आणि गोपिकाही तशीच बोलते.

आणि अपेक्षा यायची. गोपिकाची मुलगी. चालता यायला लागलं तशी ती या घरी यायला लागली आणि प्रेमिलाबाईंना 'मोठी आई' म्हणायला लागली. "मोठी आई, कूलर लाव न!" वारा सुरू झाला, की माझ्या जाळीला तोंड लावून ती "आऽऽऽ" करायची आणि थरथरत परत आलेला स्वतःचाच आवाज ऐकून हसायची. प्रेमिलाबाईंना मूल नव्हतं. हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारत नसे. अपेक्षा आली की त्याची गरजही पडत नसे.

मग ते साडीचं प्रकरण झालं.

मे महिना होता. धम्मानंदांनी टाकीचं बूच ओढलं आणि गंज, गवत, क्षार मिसळलेलं तांबडं पाणी भसकन बोळीत गेलं. नेमकी तिथे गिऱ्हाइकाची साडी, फॉल-पिको करून, पाणी मारून सुकत घातलेली. तिच्यावर डाग असे उमटले, की जणू छापूनच आणले होते.

"तुमची थंडक, अन् आमाले चिखल!" गोपिका खिडकीतून ओरडली. "दुसऱ्यांदा पानी सोडलं न, तं बघजा! तुमचा डब्बाच खाली पाडतो!"

"घे मंग! आता एक थेंब नाही येनार!" धम्मानंदही कमी नव्हते. त्यांनी लाकडाची एक गुट्टी तासली, भोकात हातोडीने ठोकली आणि वरून डांबर फासलं. माझा तळ कायमचा बंद झाला. दोन्ही घरांना वाटलं, भांडण मिटलं. भांडण कुठलं मिटतं! गोपिका आणि प्रेमिलाबाईंचा त्या दिवसापासून अबोला झाला. अपेक्षा मात्र पुढच्या दाराने येतच राहिली. लेकरांना अबोला लागू होत नाही.

पावसाळ्यात आम्हा कूलरांना कुणी विचारत नाही. माझी वायर गुंडाळून ठेवली, कुजलेल्या ताट्या काढून टाकल्या, अंगावर निळी ताडपत्री टाकून सुतळीने बांधली. टाकीत उन्हाळ्याचं पाणी तसंच होतं. काढणार कुठून? वरून पावसाचं थोडं झिरपत होतं. ताडपत्री एका कोपऱ्याला फाटलेली होती, आणि डासाच्या मादीला दार म्हणून तेवढं पुष्कळ होतं.

मित्रांनो, त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीत एक संशोधन सुरू झालं. संशोधन म्हटलं, की तुम्हाला काचेच्या नळ्या आणि पांढरे उंदीर आठवतील. हे तसं नव्हतं. मेडिकल कॉलेजात समाजवैद्यक नावाचा एक विभाग असतो. तिथले डॉक्टर एका रोग्याला तपासत बसत नाहीत, ते सगळी वस्तीच तपासतात. त्यातल्या एक सोनिका मॅडम, तरुण, पाठीला पिशवी, दर आठवड्याला आमच्या दारी. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, हे लोकांना सांगून पटत नाही. मग अळ्या डोळ्यांनी दाखवल्या तर पटतं का, लोक पाणी ओतून देतात का, हे त्यांना पाहायचं होतं. मॅडम घराघरातल्या ड्रममधलं पाणी एका पांढऱ्या वाडग्यात घेऊन बायकांसमोर धरायच्या. "बघा काकू, वळवळ करून राहिल्या न?"

"अवं माय! हे आमी पीत होतो का?"

युक्ती लागू पडली. गल्लीतले ड्रम घासले जाऊ लागले, रविवार हा 'कोरडा दिवस' ठरला. पण डास काही कमी होईनात. सोनिका मॅडम ओट्यावर बसून डोकं खाजवायच्या. भांडी कोरडी, ड्रम कोरडे, मग डास येतात कुठून?

त्या प्रत्येक घरी विचारायच्या, "कूलर सुरू आहे का?" आणि प्रत्येक घरातून खरं उत्तर यायचं, "नाही जी, केव्हाचाच बंद हाय." मॅडम पुढे जायच्या. बंद कूलरच्या पोटात काय आहे, हे विचारायचं कॉलेजात कुणाला सुचलं नव्हतं आणि सांगायचं गल्लीत कुणाला सुचलं नाही. मी ताडपत्रीखाली सगळं ऐकत होतो. माझ्या पाण्यावर अळ्या श्वास घ्यायला वर येत होत्या, सावली पडली की तळाला बुडी मारत होत्या. मग त्यांना पाय फुटत, पंख फुटत, आणि फाटक्या कोपऱ्यातून एकेक जण दिवसाउजेडी बाहेर पडत होता. खिडकीच्या आत अपेक्षा गृहपाठ करत बसलेली असायची. मोटर सुरू असती तर मी निदान घरघर केली असती.

सप्टेंबर सरत आला आणि अपेक्षाला ताप भरला. डोळ्यांमागे दुखतं म्हणाली, मग अंगावर लाल पुरळ. गोपिका तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. रक्तात डेंग्यू निघाला.

त्याच आठवड्यात प्रेमिलाबाईंनी घर आवरायला काढलं. दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणारे पाहुणे त्यांच्याकडेच उतरतात. खिडकी पुसताना त्यांनी माझ्या ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि आत पाहिलं. पोछा हातातून गळून माझ्या टाकीत पडला. त्यांनी तो काढलाही नाही. कोपरा पुन्हा खाली ओढला, सुतळीला आणखी एक गाठ मारली.

"अहो," धम्मानंद जेवायला बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "कूलरमधी अळ्या हायेत. मॅडमनं वाडग्यात दाखवल्या न, तशाच."

धम्मानंदांनी आवाज खाली आणला. "कोनाले सांगितलं?"

"कोनालेच नाही."

"मंग सांगूही नोको. एका साडीपाई तिनं गल्ली डोक्यावर घेतली होती. आता तं तिचं लेकरू दवाखान्यात हाय."

"पन पानी तं काढून टाका."

"कुठून काढू? भोक मीच बुजवलं. मग्यानं उपसाले गेलो, तं तिची सासू दिवसभर त्या खिडकीतच बसून राहते. पोरगी घरी येऊ दे. मंग पाहू."

दोघांचं जेवण तसंच राहिलं. पाणीही तसंच राहिलं.

दोन्ही खिडक्यांमधून मला बातम्या कळत होत्या. एके सकाळी गोपिकाची सासू फोनवर मोठ्याने म्हणाली, "उतरला का ताप? उतरला!" प्रेमिलाबाई तोंडाला पदर लावून रडल्या. मला वाटलं, आता त्या बोलतील. पण सुटकेने माणूस गप्पच बसतो. 'आता कशाला सांगायचं' हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

सोनिका मॅडम दुपारी आल्या, त्या हसल्या नाहीत. गोपिकाच्या खिडकीशी उभ्या राहून तिच्या सासूला म्हणाल्या, "आजी, या तापात ताप उतरल्यावरच जास्त जपावं लागतं. प्लेटलेट घसरून राहिल्या. पोट दुखते म्हणते ती. हे दोन दिवस नाजूक आहेत." निघता निघता म्हणाल्या, "अन् गल्लीत आणखी एका लेकराला आज ताप आला आहे. कुठेतरी पाणी आहे. मला ते सापडत नाही."

अलीकडच्या खिडकीत प्रेमिलाबाईंनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. तो हात थंडगार होता. आणि थंड करणं हे तर माझं काम.

गल्लीला दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. बोळीच्या तोंडासमोर मनोहरराव राहतात, निवृत्त, एकटे. पाखरांसाठी ते अंगणात मातीची परळं भरून ठेवतात. पाणी म्हटलं की डोळ्यांना तीच दिसली. दुसऱ्या सकाळी गोपिका कपडे न्यायला घरी आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. कुणीतरी तिच्या कानाला लागलं आणि ती सरळ त्यांच्या अंगणात घुसली. मागे सगळी गल्ली, आणि पाणी शोधत आलेल्या सोनिका मॅडमही.

"तुमच्या चिमण्यांपाई माही पोरगी मरून राहिली, काका!"

"रोज सकाळी घासतो वं मी, बाई," मनोहरराव काकुळतीला आले. "मॅडमले विचार."

"खरं आहे," सोनिका मॅडम म्हणाल्या. "मी तपासली आहेत. यांच्यात काही नाही."

"तुमी राहू द्या, मॅडम! तुमाले सापडलं का काही? नाही न?" गोपिकाने एक परळ उचललं आणि फरशीवर आपटलं. मग दुसरं. मनोहरराव भिंतीला लागून उभे राहिले. हात जोडावेत की डोकं झाकावं, हे त्यांना कळत नव्हतं. "अजून कुठं पानी हाय? सांगा! सारं फोडतो मी!"

मित्रांनो, इथे जरा थांबतो. अपेक्षा वाचली, हे मी आत्ताच सांगून टाकतो. तुमचा जीव टांगणीला लावायला मला आवडत नाही, माझा लागला होता तेवढा पुरे. ती दवाखान्यातल्या लोकांमुळे वाचली. पण तापलेलं दुसरं लेकरू होतं, त्याच्या मागे तिसरं लागलं असतं, आणि गल्लीत ताडपत्री पांघरलेला मी काही एकटा नव्हतो. त्या सकाळनंतर सोनिका मॅडमनी आपला प्रश्न बदलला. "कूलर सुरू आहे का" असं विचारणं सोडून "झाकण काढून दाखवता का" म्हणायला लागल्या. मग डास कमी झाले. तुम्हाला माझं मागणं एवढंच आहे. उन्हाळा संपला, की आम्हाला नुसतं झाकू नका. आधी रिकामं करा आणि टाकीच्या भिंती खसाखसा घासा, कारण अंडी तिथे चिकटून पुढच्या पावसाची वाट बघतात. आम्ही तुमच्यासाठी अख्खा उन्हाळा भिजतो. आम्हाला कोरडं झोपू द्या.

आता त्या सकाळचं जे राहिलं ते ऐका.

गोपिकाने तिसरं परळ उचललं होतं. धम्मानंद दारात होते. त्यांनी बायकोकडे पाहून हळूच मान हलवली, 'नाही' म्हणून. प्रेमिलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या नवऱ्याला ओलांडून बोळीत आल्या, जिथे त्या साडीच्या भांडणानंतर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. सुतळीच्या गाठी सुटेनात. त्यांनी ती दातांनी तोडली. ताडपत्री ओढली, आणि इतक्या महिन्यांनी माझ्या टाकीत ऊन पडलं. अळ्या सरसर तळाला गेल्या.

सगळी गल्ली वळून बघत होती. प्रेमिलाबाईंचा आवाज चढलेला नव्हता.

"परळ खाली ठेव, गोपिका. काकाचा काही दोष नाही. तुह्या पोरीले चावलेला डास माह्या घरचा होता. हे पाहा. मले ठाऊक होतं, अन् मी चूप बसली."