रेमेईची वाट

मास्देनात गावच्या द्राक्ष सोसायटीच्या चेअरमनपदाला इसिद्रे एका मताने पडला. ते मत कुणाचं, हे विचारायला तो दुसऱ्याच दिवशी सकाळी धाकट्या भावाच्या दारात जाऊन उभा राहिला.

जोफ्रे अंगणात सायकलचा ब्रेक आवळत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "माझं. तू चेअरमन झाला असतास तर वर्षभरात निम्मं गाव सोसायटी सोडून गेलं असतं, दादा. तुला कुणी नाही म्हटलेलं सोसत नाही."

खोटं बोलला असता तर इसिद्रेने त्याला दोन शिव्या घालून विषय संपवला असता. पण जोफ्रे खरं बोलला होता, आणि तेही पाना हातात धरून, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. इसिद्रे उलट्या पावली परत फिरला तो बोलणं टाकूनच.

वडिलांच्या वाटणीत वरची जुनी पांढऱ्या गारनाचा द्राक्षांची बाग जोफ्रेला आली होती आणि खालची, ओढ्याकाठची, इसिद्रेला. खालच्या बागेतून पूर्वीची खेचरांची वाट जायची. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्ये मुरूम, कुठे बदामाची झाडं. पुढे ती बंद पडलेल्या रेल्वेच्या भरावाला मिळायची आणि थेट शेजारच्या फोंतालेस गावात निघायची. जोफ्रेची बायको रेमेई फोंतालेसच्या शाळेत मुलांचं जेवण रांधायची. रोज सकाळी सायकलवर याच वाटेने जायची आणि दुपारी याच वाटेने यायची. मागच्या टोपलीत कधी पालेभाजी, कधी शाळेत उरलेले पाव. इतक्या अंतरात एक मोटार आडवी येत नसे. आला तर एखादा ट्रॅक्टर, आणि त्यावर बसलेला ओळखीचा.

मत पडल्यानंतरच्या आठवड्यात इसिद्रेने वाटेच्या तोंडाशी दोन खांब पुरले आणि साखळदंड लावला. विचारणाऱ्याला सांगायचा, "परक्यांचे ट्रॅक्टर घुसतात. मुळ्या दबतात."

रेमेई पहिले दोन दिवस सायकल उचलून पलीकडे टाकायची आणि पुढे जायची. तिसऱ्या दिवशी तिथे काटेरी जाळीचा ढीग होता. ती तशीच सायकल ढकलत इसिद्रेच्या घरी आली.

"भावोजी, भांडण तुम्हा दोघांचं. माझ्या सायकलीनं कुणाला मत दिलंय?"

इसिद्रेला हसू आलं होतं. हसला असता तर सगळंच मिटलं असतं, हे त्याला पुढे हजार वेळा आठवायचं होतं. त्या क्षणी मात्र तो म्हणाला, "सरकारनं डांबरी सडक कशाला बांधलीय? तिकडून जा. दहा मिनिटं जास्त लागतील, एवढंच."

"ट्रक असतात हो तिकडं."

"ट्रकला डोळे असतात."

तिने सायकल वळवली. दुसऱ्या दिवसापासून सडकेने जाऊ लागली.

नोव्हेंबरात एब्रो नदीकडून धुकं वर चढतं आणि दहा वाजेपर्यंत हलत नाही. अशा एका सकाळी पावणेआठला पुलाजवळच्या वळणावर ट्रकने तिला उडवलं. ड्रायव्हर सडकेवर मांडी घालून बसला होता म्हणतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की मला काही दिसलं नाही, मला काहीच दिसलं नाही.

इसिद्रेने त्याच दुपारी साखळदंड काढला, खांब उपटले, खड्डे बुजवून वर माती चोपली. कुणाच्या लक्षात यायच्या आत उरकायचं होतं त्याला. पण सगळ्यांच्या आधीच लक्षात आलं होतं.

त्याला कुणी काही बोललं नाही. अंत्ययात्रेत जागा दिली, बारमध्ये खुर्ची सरकवली, तोडणीच्या हंगामात मजूर मिळाले. अकरा वर्षं गावाने त्याला एक शब्द ऐकवला नाही. कुणी तोंडावर थुंकला असता तर त्याने तोंड पुसलं असतं आणि बरं वाटलं असतं. जोफ्रे समोरून आला की मान हलवायचा आणि पुढे जायचा, ओळखीच्या कुणालाही हलवावी तशी.

मग गावातलीच युलालिया महापौर झाली आणि तिने सायकलींच्या वाटेची कल्पना काढली. जुनी रेल्वे आणि बागांमधल्या वाटा जोडून बेचाळीस किलोमीटरची मुरमाची वाट, कुठेही मोटार नाही. एक दिवस ती नकाशा घेऊन इसिद्रेकडे आली. बराच वेळ पिकाबद्दल, पावसाबद्दल बोलत राहिली.

"मुद्द्यावर ये, पोरी," इसिद्रे म्हणाला.

"सगळ्यांनी जागा दिली, इसिद्रेकाका. तुमचे आठशे मीटर राहिलेत. ते नसले तर वाट सडकेवर काढावी लागेल." तिने नकाशावर बोट ठेवलं. "वाटेला रेमेईमावशीचं नाव द्यायचं ठरलंय. तुम्हाला कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हटलं."

तिचं बोलणं संपायच्या आत त्याने सही केली होती.

तो हिवाळाभर इसिद्रे वाटेवर राबला. नगरपालिकेची माणसं रोलर घेऊन यायची होती, पण त्याला धीर नव्हता. त्याने मोठे दगड वेचले, ढासळलेला गडगा एकेक दगड बसवून उभा केला, पाणी साचायचं तिथे चर काढले. छाटणी मागे पडली. शेजारचे म्हणायचे, "म्हातारपणी सायकल शिकतोस की काय?" तो म्हणायचा, "बघू." मनात एकच चित्र होतं. उद्घाटनाला जोफ्रे सगळ्यांच्या पुढे असणार, युलालियाने तसं सांगितलं होतं. तो या वाटेने येईल, थांबेल, घोटभर घेईल. बोलला नाही तरी चालेल.

एप्रिलमधला रविवार ठरला. वेलींना नुकती बोटभर पालवी होती. इसिद्रेने वाटेच्या तोंडाशी टेबल मांडलं. टोमॅटो चोळलेला पाव, सुकवलेली सॉसेजं, चोचीच्या काचेच्या भांड्यात स्वतःची वाइन. धुतलेला शर्ट घातला.

सायकली आल्या त्या तीस-चाळीस. पुढे जोफ्रे, रेमेईच्याच जुन्या निळ्या सायकलवर. वाटेच्या तोंडाशी तो उतरला, हात करून मागच्यांना आत सोडू लागला. एकेकजण मुरूम वाजवत आत गेला. सगळे गेल्यावर जोफ्रेने सायकल सडकेकडे वळवली.

इसिद्रे टेबल सोडून त्याच्यामागे गेला. "जोफ्रे. वाट इकडं आहे."

"दिसतेय. चांगली केलीस."

"मग ये ना. तिच्या नावाची आहे."

"तिला नाव नको होतं, दादा. जायला जागा हवी होती."

इसिद्रेने इतक्या वर्षांत घोकून ठेवलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं आणि त्यातलं अर्धंच बाहेर पडलं. "अकरा वर्षं झाली. मी रोज... तू एकदा तरी मला शिव्या दे."

जोफ्रेने सायकल गडग्याला टेकवली. तो चिडलेला दिसत नव्हता, थकलेला दिसत होता.

"तू तिला काय म्हणालास ते तिनं घरी येऊन मला सांगितलं. दहा मिनिटं जास्त लागतील. ती म्हणाली, तुम्ही जाऊन बोला दादांशी, तुमचं ऐकतील ते. मी जेवत होतो. मी म्हणालो, त्याच्या पाया कोण पडतो? जा सडकेनं, दहा मिनिटांनी काही मरत नाहीस." त्याने हँडलवरून हात फिरवला. "हे शब्द माझे आहेत. तुझे नाहीत."

इसिद्रेने गडग्यावरचा एक सैल दगड नीट बसवला.

"तुला माफ करायला मी दोनदा निघालो होतो. एकदा तुझ्या दारापर्यंत आलो. पण तुला माफ केलं की मग दोष द्यायला उरतो मी एकटाच. तेवढं मला झेपत नाही. तेव्हा तू आहेस तिथंच राहा."

"आणि सडकेनं कशाला जातोस? ट्रक आहेत तिकडं."

"ट्रकला डोळे असतात," जोफ्रे म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकून गेला.

टेबलापाशी मागे राहिलेलं एक परदेशी जोडपं पाव खात उभं होतं. बाईने मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, ही बाग तुमची का, फार सुंदर जागा आहे. इसिद्रे हो म्हणाला आणि त्यांना आणखी वाइन ओतून दिली. ती त्याने जरा जास्तच ओतली, टेबलावर सांडेपर्यंत.

वाट चांगली चालली. वसंतात आणि तोडणीनंतर लांबलांबून लोक यायला लागले. फोंतालेसच्या बंद स्टेशनात कुणी खाणावळ उघडली. शाळेची पोरं सायकलवरून येऊ-जाऊ लागली, आणि त्यांच्या आयांनी इसिद्रेला पुन्हा नावाने हाक मारायला सुरुवात केली. गावाच्या लेखी त्याने फेडलं होतं.

जोफ्रे मात्र दर शनिवारी सडकेनेच फोंतालेसला जातो, पाव आणायला, त्या निळ्या सायकलवर. धुकं असलं तरी जातो. इसिद्रे त्या वेळी खालच्या बागेत असतो. पुलाकडून ट्रकचा आवाज आला की त्याची छाटणीची कात्री थांबते. वेलीला धरून तो तसाच उभा राहतो, वळणावरून भाऊ पुढे निघालेला दिसेपर्यंत. धुक्यात तोही दिसत नाही. मग जोफ्रे पाव घेऊन परतायची वेळ होईपर्यंत इसिद्रेच्या हातून काही काम होत नाही.