सगळा वॉर्ड अळणी

दुपारी सगळ्या वॉर्डाला अळणी सूप आलं. शेजारच्या खाटेवरच्या ड्रायव्हरने चमचा खाली ठेवला. "पुस्तकवाले, तुम्ही काय आलात, आमच्या तोंडची चव गेली."

मी पुस्तकात डोकं खुपसलं. सकाळीच भरती झालो होतो आणि मीठ फक्त मलाच बंद होतं.

कुणाला काय वाढायचं हे स्वयंपाकघराला सांगणारा प्रोग्राम माझ्या पुतणीचा. पथ्यं लिहायच्या फळ्याऐवजी तो आठवडाभर चालवून बघायचा होता. मेट्रनबाई तिला दारातच म्हणाल्या, "संध्याकाळचं ताट चुकलं तर फळा परत लावते. मग तू दुसरीकडे काम बघ."

पुतणी लॅपटॉप घेऊन माझ्या पायाशी टेकली. पाठ सरळ धरायचंही त्राण नव्हतं तिच्यात. "काका, सगळ्यांचं मीठ गेलं कुठे, तेच सापडेना."

बोलावं की नाही, मला ठरवता येईना. यातलं मला ओ की ठो कळत नाही. शेवटी पुटपुटलो, "मी आल्यापासून झालं असेल का? उगाच आपलं वाटलं."

तिची बोटं थांबली. "तुमचं पथ्य मी घाईत हाताने घातलं होतं." तिने पडद्यावरच्या ओळी वर सरकवल्या. "चुकलंच. ‘पेशंट’ हा क्लास, म्हणजे नुसता साचा. त्यावरून तुम्ही एक ऑब्जेक्ट, ड्रायव्हरकाका दुसरा. साचा एकच, पण खाट, आजार, पथ्य ज्याचं त्याचं वेगळं. तुमचं ‘मीठ बंद’ तुमच्या ऑब्जेक्टवर लिहायचं, ते मी साच्यावरच लिहून बसले."

"म्हणजे काकांचं पथ्य आमच्या गळ्यात," ड्रायव्हर म्हणाला.

"हो ना. ज्याच्या नावावर मिठाचं वेगळं काही नाही, त्याच्यासाठी प्रोग्राम साच्यात बघतो. तिथे बंद."

तिने साच्यातली ओळ पुसली आणि ती माझ्या एकट्याच्या नावावर घातली. ते बरोबर होतं की नाही, हे ताट आल्यावरच कळणार होतं. मला वाटत होतं, माझं ऐकून तिने भलतंच काही केलं नाही ना.

संध्याकाळी ताटं आली. मेट्रनबाई दारात उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने सूप तोंडात घोळवलं, मुद्दाम वेळ लावला.

"आहे मीठ," तो म्हणाला. "जरा जास्तच."

बाई वळल्या आणि पुढच्या वॉर्डाकडे निघाल्या. पुतणी माझ्या पायाशी बसल्या बसल्याच झोपली.

माझं सूप अळणीच होतं. मी वाटी चाटूनपुसून संपवली.