हंगामात हात लावायचा नाही

"आत्ता? हंगाम चालू असताना?" दानेश्वरीनं विचारलं. विचारतानाच तिच्या लक्षात आलं, की या ऑफिसात हा प्रश्न आता फक्त तीच विचारते.

युवराजनं शांतपणे मान हलवली. पडद्यावर हिरव्या खुणांची रांग होती. एकच खूण राखाडी होती. ती दानेश्वरीच्या नावापुढची होती.

होटगी रोडवर टायरच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. कंपनी साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. उसाची नोंद, वजनकाटा, आणि यार्डातले नंबर. ऊस भरून आलेल्या गाडीला फाटकावर नंबर मिळायचा. मग ती गाडी यार्डात उभी राहायची, कधी दिवसभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. बोर्डावर लाल आकड्यांत नंबर लागला, की ड्रायव्हरनं लगेच काट्याकडे निघायचं. उशीर झाला तर मागचा पुढे घुसायचा, म्हणून सगळ्यांचे डोळे बोर्डाकडे.

दानेश्वरी भौतिकशास्त्रात एमएस्सी होऊन इथं लागली, तेव्हापासून एक नियम होता. कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, की पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत सॉफ्टवेअरला कुणी हात लावायचा नाही. चूक सापडली तरी ती उन्हाळ्यापर्यंत थांबायची. अगदीच अडलं, तर ऑफिसातला बिरप्पा कारखान्यावर जायचा, बोर्ड बंद करायचा आणि काम होईपर्यंत माईकवरून नंबर पुकारायचा. माईक हातात आला की त्याला तो सोडवत नसे. नंबराबरोबर कुणाची टोपी वाकडी आहे, कुणाच्या ट्रॉलीला बायकोच्या माहेरचं नाव आहे, हेही सगळ्या यार्डाला कळायचं. उरलेला वेळ तो शेतकी ऑफिसातल्या बाकावर झोपून काढायचा. त्यामुळे त्याच्या फेऱ्या बंद झाल्या, तेव्हा त्याच्या बाजूनं ठामपणे बोलावं असं कुणाकडेच काही नव्हतं.

फेऱ्या बंद केल्या त्या युवराजनं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं ही कंपनी घेतली आणि 'डेव्हऑप्स आणायचंय' म्हणून त्याला पाठवलं. सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे आणि ते चालवणारे वेगळे, असं आता असणार नव्हतं. जो लिहील त्यानंच ते चालवायचं. लिहिलेलं पाइपलाइनीत टाकायचं. यंत्र ते तपासणार, आणि तपासणीत पास झालं की यंत्रच ते सगळ्या कारखान्यांवर पाठवणार, दिवसातून कितीही वेळा. बिघडलं तर यंत्रच जुनं परत लावणार. मला नुसतं युवराज म्हणा, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बिरप्पा त्याला युवराजसाहेब म्हणत राहिला.

युवराज उद्धट असता तर सोपं झालं असतं. तो करकंबचा होता, घरी ऊस होता. त्यानं एकदा सांगितलं होतं, की एका हंगामात त्याच्या वडिलांच्या उसाच्या प्रत्येक वजनचिठ्ठीवर चुलत्यांचं नाव छापून यायचं. चूक दिवाळीलाच कळली होती, पण दुरुस्ती उन्हाळ्यात झाली, आणि तोवर दोन घरांचं बोलणं तुटलं होतं. "तुमचा तो नियम आम्ही घरी भोगलाय, मॅडम," तो म्हणाला होता.

नंतर तर दानेश्वरीला हे नव्या पद्धतीचं काम आवडायलाही लागलं. वजन शून्य आलं तर, एका गाडीला दोन नंबर मिळाले तर, मधेच लाइट गेली तर. इतकी वर्षं ती हातानं करत आलेली प्रत्येक तपासणी तिनं यंत्राला लिहून दिली. तिच्या दोन दिवसांच्या कामाला आता चहा होईपर्यंतचा वेळ लागायचा. तोच प्रयोग, तेच उत्तर, न थकता. तपासणी करणारे दोघे सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. त्यांच्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या. राहिलेल्यांच्या फोनवर पाळीनं बिघाडाचे इशारे यायचे. सगळ्यांत लहान ऋतुजा, ती अंघोळीला जाताना फोन साबणाच्या खोबणीत ठेवून जायची. जेवताना कुठं काही वाजलं, की चौघंही घास थांबवून खिसे चाचपायचे.

बिरप्पाला ऑफिसात खुर्ची मिळाली होती. कारखान्यांवरचं सॉफ्टवेअर नीट चाललंय का हे दाखवणारी समोरच्या पडद्यावरची रेघ बघायची, एवढंच काम. "हिरवं हाय," तो दर थोड्या वेळानं जाहीर करायचा. "सकाळपास्नं हिरवंच हाय. ह्यापेक्षा बैलं राखलेली बरी, ती शेपूट तरी हलवत्यात."

आजचा बदल ऋतुजाचा होता. गाडीवरचा ड्रायव्हर बदलला तरी चिठ्ठीवर जुन्याचंच नाव यायचं, एवढीच दुरुस्ती. अक्कलकोट भागातल्या एका कारखान्यानं स्वतः मागितलेली. शेवटचा होकार दानेश्वरीचा लागायचा. पुढच्या महिन्यापासून तोही लागणार नव्हता.

"काय तपासायचं राहिलंय ते सांगा," युवराज म्हणाला. "मी थांबवतो."

तो खरंच थांबला असता, हे तिला माहीत होतं. तिनं विचार केला. सगळ्या तपासण्या तिच्याच होत्या आणि सगळ्या हिरव्या होत्या.

"यार्डात आपलं कुणी नाही," ती शेवटी म्हणाली.

"पण यार्डाचं काय बदलतंय? चिठ्ठीवरचं नाव बदलतंय."

तेही बरोबर होतं. ऋतुजा नख चावत तिच्याकडे बघत होती. दर वेळी आपणच का आडवं यायचं, असं दानेश्वरीला वाटलं. तिनं होकार दिला. राखाडी खूण हिरवी झाली.

डबे उघडले होते तेव्हा बिरप्पा बाहेरून म्हणाला, की तांबडं झालंय. सगळे उठले. ते पडद्यापाशी पोचेपर्यंत रेघ पुन्हा हिरवी झाली होती. नवीन सॉफ्टवेअर सुरू होताना अडखळलं होतं, आणि यंत्रानं आपणहून जुनं परत लावलं होतं. युवराजच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. कुणाला फोन करावा लागला नाही, कुणाला गाडी काढून जावं लागलं नाही, असं तो सगळ्यांना सांगत राहिला. ऋतुजाच्या जिवात जीव आला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"मधल्या वेळात बोर्डावर काय होतं?" दानेश्वरीनं विचारलं.

ते कुणालाच सांगता येईना. बोर्डाला आत्ता काय पाठवलं जातंय ते दिसत होतं. त्या मधल्या मिनिटांत काय गेलं, याची नोंद जुनं परत लावताना पुसली गेली होती. ती खुर्चीत बसून सॉफ्टवेअर ओळीओळीनं वाचायला लागली. अर्ध्या तासात तिला सापडलं. सुरू होताना अडखळलं, तर रांग शेवटाकडून वाचली जात होती. म्हणजे सर्वांत आधी आलेल्या गाडीचा नंबर लागण्याऐवजी नुकत्याच आलेल्यांचे लागले असणार. आपला नंबर उद्या लागेल अशा हिशोबानं ज्यांनी इंजिन बंद केलं होतं, त्यांचे.

तिनं बिरप्पाला अक्कलकोटकडच्या त्या कारखान्याच्या यार्डातल्या ईरप्पाला फोन लावायला सांगितलं. ईरप्पा तिथला नंबर देणारा कारकून. फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. "जेवाय गेला आसंल," बिरप्पा म्हणाला, पण तो बसला नाही. तिसऱ्यांदा लावायच्या आत ईरप्पाचाच फोन आला. बिरप्पा कानडीत बोलू लागला. आधी मोठ्यानं, मग हळू, मग नुसता 'हौदु, हौदु' असा होकार भरत ऐकत राहिला. फोन ठेवून तो दानेश्वरीकडे आला. इतरांकडे त्यानं पाहिलं नाही.

"अक्का, एक ट्रॉली हलली. खाली सावलीला बाई निजली हुती. ऊसतोडीची. पायावरनं गेलं चाक."

दानेश्वरी संध्याकाळी सोलापुरातल्या दवाखान्यात गेली. बाईचं नाव रंभाबाई. गुडघ्याखाली पाय काढावा लागला होता आणि ती अजून शुद्धीवर नव्हती. बाहेर तिचा नवरा अजिनाथ भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. कपड्यांना उसाच्या पाचटाचा वास होता. तो बैलांना पाणी दाखवायला गेला होता, तेवढ्यात झालं, असं त्यानं सांगितलं. बीडकडून दोघं आले होते. तोडीवर नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात.

"आता आर्धा कोयता कोन ठिवून घेतंय?" तो तिला नव्हे, समोरच्या दाराला म्हणाला.

ती म्हणाली, की बोर्ड आमचा आहे.

त्यानं वर पाहिलं. "बोर्डाचं न्हाई काई, ताई. बोर्ड बराबर हुता म्हनत्यात सगळे. सायबानं येऊन बघितला. डायवरनंच घाई केली. माझा नंबर लागला, नंबर लागला, आसं वरडत हुता, पन त्याचा नंबर तर लई मागं हुता. दारू पेलाय म्हनून पोलिसांनी नेला त्याला."

ड्रायव्हरचं नाव महिपती. तो पीत नाही, हे दुसऱ्या दिवशी बिरप्पानं न विचारता सांगितलं. अक्कलकोटच्या पुढचा, घरी दोन म्हशी, बोलायला तिरसट. माईकवरून चेष्टा केली की ट्रॉलीतून ऊस फेकून मारायचा.

सकाळी आढावा बैठक होती. पुण्याची माणसं पडद्यावर होती. युवराज रात्रभर झोपला नसावा. त्यानं सुरुवातीलाच नियम सांगितला, की अशा बैठकीत कुणाचं नाव घ्यायचं नाही आणि कुणाला दोष द्यायचा नाही. चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. दानेश्वरीनं ऋतुजाकडे पाहिलं. तिचे डोळे सुजले होते. हा नियम नसता तर या मुलीनं आज काय केलं असतं, हे दानेश्वरीला दिसत होतं. नियम चांगला होता.

मग अहवाल वाचला गेला. बिघाड काही मिनिटांचा, आपोआप पूर्ववत. पुढच्या वेळी नोंद पुसली जाऊ नये म्हणून सुधारणा. रांग उलटी वाचली जाण्यावर नवीन तपासणी. वापरकर्त्यांवर परिणाम, नाही.

"परिणाम आहे," दानेश्वरी म्हणाली.

पुण्याच्या बाईंनी अतिशय सौम्यपणे सांगितलं, की यार्डातल्या घटनेचं सगळ्यांनाच दुःख आहे, पण त्याचा बोर्डाशी संबंध असल्याचा पुरावा आपल्यापाशी नाही. तो तपास पोलिसांचा.

"रांग उलटी वाचली जाते, हे मी काल दाखवलं."

"वाचली जाऊ शकते, हे दाखवलंत."

त्यातला फरक तिला कळत होता. तिनंच तो कुणाला तरी शिकवला असता.

बैठक संपल्यावर ती युवराजच्या टेबलापाशी थांबली. कुणाचीच चूक नाही, हे तिला मान्य होतं. ते ती म्हणालीसुद्धा. मग तिनं विचारलं, "कुणाचीच चूक नाही, तर महिपती आत का आहे?"

युवराजनं पडद्यावरचा अहवाल बंद केला.

"तो आपल्या टीममध्ये नाही, मॅडम," तो म्हणाला. त्यानं ते क्रूरपणे म्हटलं नव्हतं.

तिनं रजेचा अर्ज दिला नाही. खाली उतरली, बिरप्पाच्या मोटरसायकलवर मागं बसली आणि दोघं पोलीस चौकीत गेले. फौजदारानं आधी विचारलं, की तुम्ही आरोपीच्या कोण. कुणी नाही, ती म्हणाली, तो बदल जाऊ दे म्हणून मी होकार दिला होता. त्याला ते नीट कळलं नाही. तिनं पहिल्यापासून सांगितलं, मोळीपासून. स्वतःचं नाव सांगितलं, ऋतुजाचं विचारल्यावरही सांगितलं नाही. यानं ड्रायव्हर लगेच सुटणार नाही, तुमच्या कंपनीचा कागद लागेल, आणि तो कंपनी देईल असं वाटत नाही, हे फौजदारानंच तिला समजावलं. तिनं मान हलवली आणि लिहून घ्या म्हणाली.

दुपारी त्यांनी तिला पंचनाम्यासाठी यार्डात नेलं. सोलापूरची संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती, ऊन चढायला लागलं होतं. ट्रॉल्यांच्या रांगा फाटकापर्यंत गेल्या होत्या. बोर्ड आपल्या जागी लाल आकडे दाखवत होता, अगदी बरोबर. त्या दिवशी काय दिसलं असेल ते दाखवा, असं हवालदार म्हणाला. तिला दाखवता आलं नाही.

ती बोलत असतानाच बोर्डावरचा आकडा बदलला. मागच्या रांगेत एक इंजिन धडधडलं, ड्रायव्हरनं गिअर टाकला. दानेश्वरी वाक्य अर्धं सोडून गेली. तिनं हात वर करून त्याला थांबवलं, साडीचा पदर कमरेला खोचला, मातीवर एक हात टेकून ट्रॉलीखाली वाकून पाहिलं. मग हातानं जा म्हणाली.

हवालदार पेन धरून थांबला होता. पुढचा नंबर लागला. ती पुढच्या ट्रॉलीकडे गेली आणि वाकली.