दोन ट्रामच्या मधली जागा

"नाना, बाजूला व्हा! बस निघालीय!"

मी डेपोच्या गेटातूनच ओरडले. नानांनी हात वर करून मलाच दरडावलं, "थंयच रव! हलू नको!"

माझे सासरे आवाराच्या मधोमध उभे होते. ताठ, हात अंगाशी चिकटवून, पोट आत घेऊन. विसरायला लागल्यापासून दार उघडं दिसलं की ते ड्युटीवर निघतात. ड्युटी ट्रामची. मिसरूड फुटलं तेव्हा ते याच डेपोत पहार घालून सांधा फिरवायचे, ट्रामला रूळ बदलून द्यायचे. पुढे ट्राम गेल्या, रुळांवर डांबर पडलं, डेपो बसचा झाला. निवृत्त होईपर्यंत नानांनी बसगाड्या धुतल्या. बसचं मात्र सगळं ते साफ विसरलेत. मीही विसरले असते.

ते हलत का नव्हते, मला ठाऊक होतं. लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. दोन्हीकडून ट्राम आल्या तर पळायचं नाही. दोन लाइनींच्या मधल्या पट्ट्यात खांबासारखं उभं राहायचं. ट्राम रूळ सोडून अंगावर येत नाही.

बस येते.

विजेवरची बस, आवाज नाही. शेडमधून वळत होती आणि ड्रायव्हर पलीकडच्या आरशात बघत होता.

"ओ, थांबवा! थांबवा!" मी धावले.

शेडमधून कुणीतरी बोंबललं, "अरे ए, म्हातारा हाय पुढं!"

मी नानांचा दंड धरून ओढला. ते जागचे हलेनात. उलट माझंच मनगट पकडून त्यांनी मला पट्ट्यात खेचलं. "पळतंस खंय? मराचा आसा?"

आणखी ओढलं असतं तर दोघंही चाकाखाली पडलो असतो. मी ओढणं सोडलं. नानांना पाठीशी घेतलं, दोन्ही हात वर केले आणि ड्रायव्हरकडे बघत राहिले.

बस गचका खाऊन थांबली. हात खाली केले असते तर काचेला लागले असते.

"काय वहिनी, माझी नोकरी घालवता काय?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "घरात ठेवा ना यांना!"

माझ्या तोंडात चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. तेवढ्यात मागून नाना हळूच म्हणाले, "गेली ट्राम. भियालंस गो?"

"हो, नाना."

"पयल्यांदा सगळीच भियतत."

त्यांनी माझा हात धरला. दोन्ही बाजूंना नीट पाहिलं. मग सपाट डांबरावर एका जागी पाय उंच उचलून पलीकडे टाकला आणि माझ्यासाठी थांबले.

मीही पाय उंच उचलला.