ह्यांचा कोट

“ती त्याची बायको नाही,” आत्या म्हणाली.

मी वरच्या बर्थवरून खाली वाकले. “हळू बोल ना. शेजारीच न्हाणीघरात गेलीय ती.”

“म्हणून तर आत्ता बोलतेय.”

त्या जहाजाचं नाव आता माझ्या लक्षात नाही, पण केबिनमधला नव्या रंगाचा वास अजून आठवतो. उशीलासुद्धा यायचा. इंजिनाची घरघर भिंतीतून अंगात शिरायची आणि जमिनीवर उतरल्यावरही कितीतरी दिवस गेली नाही. माझे वडील परदेशी नोकरीला होते. आई गेल्यावर त्यांनी आत्याला आणि मला कायमचं बोलावून घेतलं, म्हणून आम्ही दोघी निघालो होतो. खालच्या वर्गात बायकांच्या केबिनी वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. नवराबायकोनं भेटायचं ते डेकवर, नाहीतर जेवणघरात. आमच्या केबिनीत तिसरी एक तरुण बाई होती, तिचा नवरा पुरुषांच्या केबिनीत. विचारल्याशिवाय बोलायची नाही, म्हणून आत्यानं तिचं नाव घुमी ठेवलं होतं.

आत्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. भेटायला येणारा ‘दादा’ खरा की खोटा, हे ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. कागदबिगद ती बघायची नाही. मुलीला म्हणायची, मार बघू हाक. हाक मारण्याआधी मुलगी अडखळली, की दादा फाटकाबाहेर.

“ही ‘अहो’ म्हणताना अडखळते,” आत्या म्हणाली. “काल डेकवर तो पाठमोरा उभा होता. हिनं तोंड उघडलं, मिटलं, घसा साफ केला, आणि मग ‘अहो’. कडू औषध घेतल्यासारखं.”

“नवीन लग्न असेल.”

“नवीन लग्नाची पोर लाजते. ही घाबरते. आणि त्याचा कोट बघितलास? बाह्या बोटांवर येतात. कोट दुसऱ्याचा आहे. कोट दुसऱ्याचा, म्हणजे बायकोही...”

“आत्या!”

दार उघडलं. ओले कपडे हातात घेऊन घुमी उभी होती. आत्यानं लगेच विचारलं, “मिळालं का ग गरम पाणी?”

जहाजावर आपली भाषा बोलणारा एक दुभाषी होता. प्रवाशांचे कागद तपासायला अधिकाऱ्यांना मदत करायची, हे त्याचं काम. गोड बोलायचा, प्रत्येक बाईला वहिनी म्हणायचा आणि कुणाच्याही टेबलाशी खुर्ची ओढून बसायचा. मधल्या बंदरात त्यानंच एका माणसाला उतरवलं होतं, कागद दुसऱ्याच्या नावाचे निघाले म्हणून. आम्ही सगळे कठड्याशी उभे होतो. तो माणूस धक्क्यावर आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसून राहिला आणि जहाज हललं तरी उठला नाही. त्या दिवसापासून घुमीचं जेवण कमी झालं. आत्यानं तेही हेरलं.

मग एकदा चहाच्या वेळी दुभाषी आमच्याच टेबलावर होता. घुमीचा नवरा यायचा होता. त्याचा कप ती भरत होती.

“तुमच्या ह्यांना साखर किती ग लागते?” आत्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“दोन चमचे,” घुमी म्हणाली. मग गोंधळली. “नाही, म्हणजे... एकच.”

टेबलाखाली आत्याचा पाय माझ्या पायावर आला.

“काय वहिनी, नवऱ्याची साखर माहीत नाही?” दुभाषी हसला. हसला खरा, पण स्वतःचा चहा ढवळायचा थांबला.

केबिनीत आल्यावर आत्या म्हणाली, “मी त्या दुभाष्याला सांगणार. पोरीला फसवून आणली असेल, तर बंदरात उतरल्यावर कोण आहे तिला?”

“आणि तसं नसेल तर? दोघांना उतरवतील ग. त्या पेटीवाल्यासारखं.”

 पण ठरवलेलं बदलायची आत्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. बोळांतून दोर बांधले होते, ते धरूनच चालायचं. जेवणघरातून डेककडे जाणारा लोखंडी जिना अरुंद होता. घुमीचा नवरा वर पोचला होता, आम्ही खाली, आमच्यामागे दुभाषी. आत्या त्याच्याकडे वळून म्हणाली, “तुमच्याशी जरा बोलायचं होतं.”

तेवढ्यात जहाज कलंडलं. वरचा माणूस घसरला आणि पायऱ्यांवर आपटत आमच्या पायाशी आला.

“भाऊजी!” घुमी किंचाळली.

सगळ्या बोळानं ते ऐकलं. पडलेला माणूस गुडघा धरून वर बघत राहिला. घुमीनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

“काय म्हणालात वहिनी?” दुभाष्यानं विचारलं. आवाज तसाच गोड.

मी आत्याकडे पाहिलं. इतके दिवस जे शोधत होती, ते तिच्या पुढ्यात पडलं होतं.

“लागलं का हो भाऊजी?” आत्या घुमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली. मग दुभाष्याकडे वळली. “अहो, हिला मी धाकटी बहीण मानलीय. हिचा नवरा तो माझा भाऊजी नाही का? मी दिवसभर भाऊजी भाऊजी करते, तेच हिच्या तोंडात बसलं. घाबरल्यावर माणूस काय वाटेल ते ओरडतं. माझा भाऊ लहानपणी पडला की मलाच ‘आई’ म्हणायचा. म्हणून मी काय त्याची आई झाले?”

दोघं-तिघं हसले. दुभाषी हसला नाही. “तुम्ही त्यांना भाऊजी म्हणताना मी कधी ऐकलं नाही, आत्याबाई.”

“आता ऐकलंत ना? मग हात द्या त्यांना. बघत काय उभे राहिलात?”

त्यानं हात दिला. देताना कोटाच्या बाहीकडे मात्र नीट बघून घेतलं. “माझ्याशी काय बोलायचं होतं तुम्हाला?” त्यानं आत्याला विचारलं.

“न्हाणीघरात गरम पाणी येत नाही,” आत्या म्हणाली.

केबिनीत घुमी बराच वेळ कोट मांडीवर घेऊन बसली होती. पडताना त्याचं अस्तर फाटलं होतं.

“तुम्हाला कधीपासून कळलं होतं?” तिनं आत्याला विचारलं.

“संशय आधीपासून होता. खात्री साखरेपासून.”

“हा कोट ह्यांचा,” घुमी म्हणाली. मग फाटलेलं अस्तर सारखं करत, “म्हणजे खरंच ह्यांचा. भाऊजींचा नाही.”

निघायच्या थोडे दिवस आधी तिचा नवरा तापानं गेला होता. परदेशातली नोकरी त्याची, कागद त्याचे आणि तिचे. घर सगळं त्या नोकरीवर डोळे लावून बसलेलं. धाकटा दीर तोंडवळ्यानं थोरल्यासारखा. सासूबाईंनीच दोघांना उभं केलं आणि म्हणाल्या, जा.

“तिथं पोचल्यावर?” मी विचारलं.

“पोचल्यावरही हेच. कागदावर हे जिवंत आहेत. मला ‘गेले’ म्हणायचीही चोरी.”

आत्यानं आपल्या पेटीतून सुई-दोरा काढला, कात्री काढली. “बाह्या आखूड कर. मला दिसल्या तशा त्यालाही दिसल्यात.”

घुमीनं बाही ताणून धरली, कात्री लावली. ती तशीच धरून बसली.

“बरं, कापू नकोस,” आत्या म्हणाली. “आत दुमड आणि टीप घाल. आणि माझ्याकडे बघून म्हण, अहो.”

“आत्याबाई, नको ना.”

“म्हण. बंदर यायच्या आत जमायला हवं.”

पुढचे दिवस आत्यानं तिला ‘अहो’ शिकवलं. चहा देताना, पाठमोरं असताना, जिना उतरताना. आणि डेकवर स्वतः अशी खणखणीत ‘भाऊजी!’ म्हणून हाक मारायची, की तो बिचारा दचकायचा.

उतरायच्या दिवशी अधिकाऱ्याच्या टेबलाशी दुभाषी उभा होता. ती दोघं आमच्या पुढे होती. अधिकाऱ्यानं कागद मागितले, तसा दीर खिसे चाचपू लागला. दुभाष्याची नजर बाहीवर गेली. ती मनगटाशी बरोबर बसली होती.

“अहो, आतल्या खिशात आहेत,” घुमी म्हणाली.

शिक्का बसला.

“अडखळली नाही,” आत्या पुटपुटली. तिला आनंद झालाय असं तिच्या तोंडावरून वाटेना.

आमची पाळी होऊन आम्ही कठड्याशी आलो, तेव्हा ती दोघं धक्क्यावर पोचली होती. दिरानं आम्हाला बघून हात वर केला. घुमीनं वर पाहिलं नाही. त्याचा हात खाली आल्यावर तिनं कोटाची बाही धरली, आतली दुमड बोटांनी एकदा चाचपून पाहिली, आणि मग सोडली.